लेकीचे पाय दाबताना

मुलीचे पाय रात्री दुखतात हे बायको असताना मला माहीत होतं, पण फक्त ऐकून. मुलगी साडेतीन वर्षांची झाली तेव्हा हे सुरू झालं. आठवड्यातून एक-दोनदा, झोप लागून दोन तास झाले की उठून बसायची आणि रडायची. सकाळी बघावं तर अंगणात कोंबडीच्या मागे पळत असायची, जणू रात्री रडली ती दुसरीच कोणी.

धसईत आमची भात भरडायची गिरण आहे. दिवसभर पोती उचलून, पट्ट्याचा आवाज डोक्यात घेऊन घरी आलो की पाठ टेकताच मला झोप लागायची. त्या झोपेत मला मुलीचं रडणं ऐकू यायचं. मग बायकोचा हळू आवाज, काहीतरी पुटपुटल्यासारखा, आणि तिच्या बांगड्या एका लयीत वाजत राहायच्या. मग सगळं शांत. ती नेमकं काय करायची, ते मी एकदाही डोळे उघडून पाहिलं नाही. आज लिहिताना लाज वाटते, पण नाही पाहिलं.

मुलगी पाच वर्षांची झाली त्या वर्षीची आवणी. पावसाने मध्ये दडी मारली होती, त्यामुळे सगळ्या गावाची लावणी एकदम आली. बायको आणि वहिनी सकाळी सातला खाचरात उतरायच्या त्या अंधार पडताना वर यायच्या. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची. मी गिरणीवर आणि दादा नांगरामागे.

आवणीच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी बायको म्हणाली, "पोटऱ्या लय दुखतात."

मी म्हटलं, "आवणी आहे. दुखणारच."

दुसऱ्या दिवशी तिला कणकण होती. तापाची गोळी घेऊन ती पुन्हा खाचरात गेली. त्या रात्री जेवणं झाली, मुलगी झोपली, आणि मी आडवा झालो. बायको उशाशी येऊन बसली. जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, जरा पोटऱ्या दाबता का? नुसत्या धरल्या तरी चालतील."

आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. तिने मला असं कधी काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे नवऱ्याने बायकोचे पाय दाबायची रीत नाही, आणि तिला ते सांगायला किती जड गेलं असेल हे मला आता कळतं. तेव्हा मी म्हणालो, "अगं, सगळ्या गावाच्या पोटऱ्या दुखतायत. झोप आता. उद्या बघू." आणि कूस बदलली.

दुखणं सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी तिचे डोळे लाल झाले. मला वाटलं, डोळे आलेत. चौथ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या आणि उभं राहता येईना, तेव्हा मी तिला मुरबाडला नेलं. तिथून त्याच दिवशी ठाण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरने तिच्याकडे बघितलं, खालच्या पापण्या ओढून बघितल्या, पोटरीला हात लावला, तशी ती ओरडली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पोटऱ्या कधीपासून दुखतायत?"

मी बोटांवर मोजलं. म्हटलं, "चार दिवस."

त्याने कागदावर लिहिलं. मला काही बोलला नाही. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चिखलातल्या पाण्यातून येणारा ताप, असं त्यांनी नंतर समजावलं. उंदरांच्या मुतातून येतो आणि पायाच्या बारीक जखमेतून शिरतो. लवकर आलं तर साध्या औषधाने बरा होतो. तिची आधी किडनी गेली, मग श्वास. सहा दिवस होती. शेवटचे दोन दिवस तिला बोलता येत नव्हतं.

बाराव्याला माझी सासू डोळखांबच्या पलीकडल्या तिच्या पाड्यावरून आली. सगळे विधी होईपर्यंत ती एका कोपऱ्यात बसून होती, रडलीसुद्धा नाही. लोक जेवून उठले तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माजी लेक तीन दिस सांगत होती पाय दुखतात. तुमी ऐकला नाय."

मी मान खाली घातली. ती नातीच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, पाणीसुद्धा न पिता.

पाहुणे गेले. घरात मी आणि मुलगी, दोघंच राहिलो. शेजारी दादा-वहिनी होते, जेवण वहिनीकडे. त्या आठवड्यातच एका रात्री मुलगी उठली. आता मात्र मी तिच्या पहिल्या हुंदक्याला जागा झालो होतो.

"पप्पा, पाय."

"कुठं?"

तिने दोन्ही हात पोटऱ्यांवर ठेवले. "इथं."

मी दिवा लावला. तिच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला, पुन्हा कपाळाला लावला. मग त्या डॉक्टरने केलं होतं तसं तिची खालची पापणी ओढून डोळे लाल आहेत का बघितलं. माझं तोंड बघून ती घाबरली आणि अजून जोरात रडायला लागली. मी दादाला उठवलं. वहिनीने तिला मांडीवर घेतलं, मी मोटारसायकल काढली, आणि तसेच पावसात मुरबाडला गेलो. सरळगावच्या पुढे गेलो तोवर ती वहिनीच्या कुशीत झोपून गेली होती. दवाखान्यात रात्रपाळीच्या डॉक्टरने तिला उठवून तपासलं. ताप नाही, सूज नाही. म्हणाला, "मुलीला काही झालेलं नाही."

मला ते पटलं नाही. तिच्या आईलाही मी असंच म्हटलं होतं.

त्या महिन्यात मी तिला चार वेळा नेलं. दोनदा रक्त तपासलं. सुई टोचताना तिला मी धरून ठेवायचो आणि ती "आई, आई" म्हणून ओरडायची. चौथ्या वेळी परत येताना रस्त्यात वहिनी म्हणाली, "भावजी, रागावू नका. पोरीचे पाय दुखतात आणि तुमी तिचे डोळे बघत बसता."

त्यानंतर मुलीचं रात्रीचं रडणं थांबलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मला वाटलं, थांबलं एकदाचं. वहिनीलाही म्हटलं, "बघ, थांबलं."

मग एका रात्री मी पाणी प्यायला उठलो. मुलगी अंथरुणावर नव्हती. भिंतीला टेकून, गुडघे वर घेऊन बसली होती. गोधडीचं टोक तोंडात घट्ट धरलं होतं आणि दोन्ही मुठींनी ती आपल्याच पोटऱ्या चोळत होती. गाल ओले होते, पण आवाज अजिबात नाही.

मी खाली बसलो. विचारलं, "दुखतंय?"

तिने गोधडी तोंडातून काढली आणि म्हणाली, "नाय."

"खरं सांग."

"नाय दुखत. सुई नको."

पाच वर्षांची पोर. दुखणं गिळायला तिला एक महिना पुरला, आणि ते शिकवणारा मीच. मी तिला मांडीवर ओढलं. "सुई नाही, कुठं जायचं नाही," असं परत परत सांगत राहिलो. तिने विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही. पाय मात्र जवळ घेऊ दिले नाहीत.

गावातल्या एका शिक्षिकेने शहापूरच्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. तिथे जाताना मी मुलीला आधीच सांगितलं, सुई टोचणार नाहीत. बाईंनाही दारातच सांगितलं. त्यांनी मुलीला चालवलं, उड्या मारायला लावल्या, पाय वाकवून, गुडघे फिरवून बघितले, माझे आधीचे रक्ताचे कागद वाचले. मग मुलीला बाहेर खेळायला पाठवून त्या माझ्याशी बोलल्या. वाढत्या वयात बऱ्याच मुलांना हे होतं, म्हणाल्या. दोन्ही पायांना होतं, रात्रीच होतं, आणि सकाळी मूल पळत असतं. दहा-बारा वर्षांपर्यंत कधीतरी आपोआप थांबतं. एकाच पायात दुखायला लागलं, सकाळीही दुखलं, सूज आली, लंगडायला लागली किंवा ताप आला, तर थांबायचं नाही, लगेच आणायचं. तसं नसेल तर दवाखान्याची गरज नाही.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"पाय दाबा. कोमट शेक द्या. जवळ बसा. मूल बहुतेक त्यानेच झोपतं." मग त्यांनी सहज विचारलं, "आई काय करते तिची?"

"ती गेली. श्रावणाच्या आधी."

बाई हळूच म्हणाल्या, "काय करायची ती?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

त्यांना वाटलं असेल, दुःखात आहे म्हणून बोलवत नाही. खरोखरच मला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मी करून बघायला लागलो. खोबरेल गरम करून लावलं. मीठ तव्यावर भाजून फडक्यात बांधून शेक दिला. वहिनीने निर्गुडीचा पाला आणून दिला, तो वाफवून बांधला. सुई नाही हे मुलीला हळूहळू पटलं आणि ती पुन्हा मला उठवायला लागली, एवढं एक बरं झालं. पण माझा हात पायाला लागला की ती पाय आखडून घ्यायची.

"असं नाय, पप्पा."

"मग कसं?"

"आई असं नाय करायची."

"कसं करायची? सांग ना, बाय."

"मला नाय माहीत. आई करायची." आणि रडणं वाढायचं. एकदा म्हणाली, "तुमचे हात टोचतात." गिरणीवरच्या माणसाचे हात. तूस कातडीत शिरून बसलेलं असतं, बोटांना चिरा पडलेल्या. मी रोज साबणाने, चिंचेने हात घासायला लागलो. हात थोडे मऊ झाले, तरी तिच्या आईचे होणार नव्हते.

बायकोला हे तिच्या आईनेच शिकवलं असणार. म्हणजे ज्याला ठाऊक आहे असं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस माझ्याशी बोलत नव्हतं.

दिवाळीनंतर भात कापून झालं तेव्हा मी एक दिवस गिरण दादाकडे सोपवली. मुलीला मोटारसायकलवर पुढे बसवलं आणि किन्हवलीवरून डोळखांबला निघालो. डोळखांबच्या पुढे डांबरी रस्ता संपला की पाड्यापर्यंत दगडगोट्यांची चढण आहे. सासू खळ्यावर नाचणीची कणसं काठीने झोडत होती. आम्हाला बघून तिने काठी खाली ठेवली. नात धावत जाऊन तिला बिलगली. तिने नातीला उचललं, माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

मी उभाच राहिलो. शेवटी म्हणालो, "मामी, बायचे पाय दुखतात रात्री."

नातीला खाली ठेवून तिने पटकन तिच्या कपाळाला हात लावला, आणि मी करायचो तसंच तिच्या डोळ्यांत बघितलं.

"ताप नाय," मी घाईने म्हटलं. "शहापूरला दाखवलं. वाढीचं दुखणं आहे. आधीपासूनच होतं तिला."

सासू खाली बसली. बराच वेळ नातीच्या पायांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "हातपाय धुवा. चहा ठेवते." बाराव्यानंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती एवढंच.

आम्ही रात्री तिथेच राहिलो. म्हातारी एकटीच असते, मुलगा कामासाठी खर्डीला राहतो. मुलगी मध्यरात्रीच्या आधीच उठली. मी उठायच्या आत सासू चुलीपाशी गेली होती. राख बाजूला करून तिने निखाऱ्यांवर हात धरले, एकमेकांवर चोळले, आणि मुलीच्या पायांशी येऊन बसली. पोटरीला तिने हातच लावला नाही. आधी टाच तळव्यात धरली, नुसती, थोडा वेळ. मग तळपायावरून अंगठा फिरवला. मग घोट्यावरून वर, गुडघ्यापर्यंत, अगदी हलक्या हाताने. आणि गुडघ्यापासून खाली येताना मात्र हात घट्ट, जणू ओल्या कापडातलं पाणी निपटून काढतोय असा. तोंडाने ती पुटपुटत होती, "उतर गो उतर, खाली उतर, मातीत उतर." परत वर हलकं आणि खाली घट्ट. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. तरी मला त्या ऐकू आल्या.

मुलगी झोपेतच म्हणाली, "आई अशीच करायची." आणि शांत झाली.

सासूने तोंडाला पदर लावला. अंधारात आम्ही दोघं मुलीच्या दोन बाजूंना बसून होतो. झोपेचं नावही कुणी काढलं नाही.

सकाळी मुलगी शेजारच्या पोरींबरोबर ओढ्यावर गेली. मी सासूला म्हटलं, "मामी, मला शिकवा."

ती चुलीतलं लाकूड पुढे सारत होती. म्हणाली, "पोरीवर शिकू नका. दुखल तिला." मग थोडा विचार करून ती भिंतीला टेकून बसली आणि लुगडं सावरून तिने आपले पाय लांब केले. "यावर करा."

मी तिच्या पायांशी बसलो. उन्हातान्हात राबलेले, टाचांना भेगा पडलेले पाय. तिने सांगितलं तसे हात शेकून घेतले, टाच धरली.

"हळू," ती म्हणाली. "पोतं नाय उचलायचं."

मी हात सैल केला.

"वर जाताना हात हाय का नाय कळता कामा नये. हां. आता खाली येताना धरा. बोटानं नाय, सगळ्या पंज्यानं."

मी वर गेलो, खाली आलो. पुन्हा केलं. तिने दोनदा हात बाजूला करून परत ठेवायला लावला. तिसऱ्यांदा काही बोलली नाही, म्हणजे जमत असावं. हाताखाली तिची पोटरी होती, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. ठरवून आलो नव्हतो.

"मामी, तिनं मला सांगितलं होतं. पोटऱ्या दाबता का म्हणून. नुसत्या धरल्या तरी चालतील म्हणाली. मी म्हटलं उद्या बघू. आणि झोपलो."

सासूने पाय ओढून घेतले.

मी तसाच बसून राहिलो, रिकामे हात मांडीवर ठेवून. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, दादाला नाही, वहिनीला नाही. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढील. काढलं असतं तर मी गेलोही असतो.

बाहेरून पोरींचा आवाज येत होता. मग सासू बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, चुलीकडे बघत.

"तिचेपण दुखायचे. एवढीच होती. आमी तेव्हा जगायला जायचो, भिवंडीकडं, वीटभट्टीवर. दिवाळी झाली की जायचा ते पावसाच्या तोंडावर यायचा. दिसभर विटा थापायच्या. रातच्याला झोपडीत पडला की मेल्यासारखी झोप. आन ही उठायची, पाय पाय करत. रोज दाबायचे मी. रोज. एक रात माज्यानं उठवेना. लय दमलेली. ती रडतच होती. मी उठले नि दिली एक मुस्काटात. बोलले, परत आवाज काढशील तर बाहेर टाकीन."

चुलीतलं लाकूड विझत आलं होतं, पण तिने पुढे सारलं नाही.

"त्याच्यानंतर नाय उठवलं तिनं. त्या अख्ख्या सालात नाय. मला वाटला, थांबला. पावसाला घरी आलो तेव्हा एक दिस बघते तर कोपऱ्यात बसून आपलेच पाय चोळते. तेव्हापासून परत दाबायला लागले. पण ती कधी तोंडानं बोलली नाय. मी बघून वळखायचे." तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुमी ऐकला नाय ते खोटा नाय. मी बोलले ते बोलले. पण तिनं एकदाच सांगितला असल, नि तेपण हळू. मोठ्यानं सांगायची सवय मीच मोडली तिची."

मी म्हणालो, "मामी, तुमी..."

"नको," ती म्हणाली. "तुमी काय बोलू नका आता."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही. थोड्या वेळाने तिने पाय पुन्हा लांब केले आणि म्हणाली, "डावा राहिला."

मी डावा पाय दाबला. दाबता दाबता आम्ही दोघंही रडलो, पण एकमेकांकडे बघितलं नाही. मुलगी ओढ्यावरून ओल्या फ्रॉकने परत आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आजीचेपण पाय दुखतात?"

"दुखतात गो," सासू म्हणाली. "ये, तू दुसरा दाब."

घरी आल्यावर मी तसं करायला लागलो. निखाऱ्याऐवजी गॅसवर हात धरायचो. पहिल्या रात्री मुलगी म्हणाली, "थोडं थोडं आईसारखं." एवढं मला पुष्कळ होतं. ते "उतर गो उतर" म्हणायला मला सुरुवातीला लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली. आणि मी एक नेम केला. संध्याकाळी जेवताना तिला विचारायचंच, आज कुठं दुखलं, खरचटलं, पोटात कळ आली, काहीही. ती वैतागायची. "नाय दुखत, पप्पा, कितीदा विचारता!" ती वैतागली की मला बरं वाटायचं, कारण ते वैतागणं तरी मोठ्या आवाजात असायचं.

माझी भीती मात्र गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं पाठ होतं, तरी पाय दाबून ती झोपली की मी दिवा लावून एकदा तिचे पाय बघायचो, सूज नाही ना. कपाळाला हात लावायचो, फक्त आता ती झोपल्यावर. मग माझी झोप उडायची. त्या जागरणात मला तिची आई दिसायची, उशाशी बसलेली, बोलू का नको करत. मी मनातल्या मनात उठून बसायचो आणि म्हणायचो, दे, पाय इकडे दे. कितीतरी रात्री मी हे केलं. त्याने काही होत नाही. माणूस करत राहतो.

दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही पाड्यावर जातो. सासू आता माझ्याशी बोलते, भाताचं, नाचणीचं, नातीच्या शाळेचं. लेकीचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. गेल्या वर्षीपासून तिला चढण चढवत नाही. गेलो की मी तिचे पाय दाबतो, आणि ती तिचं काम चालूच ठेवते, तांदूळ निवडणं, लसूण सोलणं.

मुलगी सात वर्षांची झाल्यावर दुखणं कमी कमी होत गेलं. महिन्यातून एकदा, मग सणासुदीला नाचली-बागडली तरच. आता ती नऊ वर्षांची आहे आणि गेल्या सबंध उन्हाळ्यात एकदाही उठलेली नाही.

या वर्षी आवणीच्या आधी मी तिला घेऊन आरोग्य उपकेंद्रात गेलो होतो. तो ताप येऊ नये म्हणून चिखलात उतरणाऱ्यांना तिथून गोळ्या देतात, त्या दादा-वहिनीसाठी आणायच्या होत्या. भिंतीवर मोठा कागद लावला होता. मुलीला आता जे दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय आहे. मी रांगेत उभा होतो आणि ती वाचत होती, "थंडी वाजून ताप येणे. डोळे लाल होणे. पोटऱ्यांमध्ये तीव्र वेदना." ती तिथे थांबली. मग माझ्याकडे वळली.

"पप्पा, आईला हेच झालेलं ना?"

"हो."

"तिच्या पोटऱ्या दुखत होत्या?"

"हो."

"मग तुमी दाबल्या? माझ्या दाबायचे तशा?"

रांगेतल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. मी गोळ्या घेतल्या आणि तिला बाहेर, आंब्याखाली आणलं. मला खोटं बोलता आलं असतं. नऊ वर्षांच्या पोरीला एवढं खरं कशाला, असं कुणीही म्हणेल. पण गप्प राहायला शिकलेली माणसं मी पाहिली होती, आणि तिच्या घरात आणखी एक नको होतं.

"नाही," मी म्हणालो. "तिने मला सांगितलं होतं. मी दमलो होतो. उद्या बघू म्हणालो आणि झोपलो. तेव्हा मला दाबता येत नव्हतं, आणि मी शिकलोही नव्हतो."

तिने विचारलं, "दाबल्या असत्या तर ती बरी झाली असती?"

"दाबून नसती झाली. पण हात लावला असता तर कळलं असतं किती दुखतंय ते. मग लवकर नेली असती."

मोटारसायकलवर ती नेहमी मला धरून बसते, त्या दिवशी मागचा दांडा धरून बसली. घरी आल्यावर आपलं अंथरूण उचलून काकीकडे झोपायला गेली. दुसऱ्या रात्रीही तिकडेच. वहिनीने विचारलं, काय झालं. मी तिलाही सगळं सांगितलं, इतक्या वर्षांनी. ती डोळे पुसून म्हणाली, "मला ठाऊक होता, भावजी. खाचरात बोललेली ती." म्हणजे वहिनीही चार वर्षं गप्प होती.

तिसऱ्या रात्री मुलगी अंथरूण घेऊन परत आली. म्हणाली, "काकी घोरते." आणि माझ्यापासून हातभर अंतरावर अंथरूण घालून, भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालायला माझ्यासमोर येऊन बसली. मी तिचे केस विंचरले. शाळेची वेळ होत आली होती. तिने वहीत न बघता मला पाढे म्हणून दाखवले, एकदाही न चुकता.

आईबद्दल तिने पुन्हा काही विचारलेलं नाही. सांगितलं ते बरं केलं की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही.